न विकली जाणारी बंदूक

मराठी ललित गद्यात वस्तूंविषयी हळवे होण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. आजीचे जाते, तांब्याचा बंब, आजोबांचा पानाचा डबा. आणि घराणे मोठे असेल तर भिंतीवर टांगलेली बंदूक. या शेवटच्या वस्तूविषयीचे लेखन हमखास एका वाक्यापाशी येऊन थांबते: कितीही किंमत आली तरी ही बंदूक आम्ही विकणार नाही. येथे लेखकाचा कंठ दाटतो, वाचकाचाही दाटावा अशी अपेक्षा असते, आणि आपली समीक्षा या दाटलेल्या कंठाला 'स्मृतीचे सौंदर्य' असे नाव देऊन मोकळी होते. आमचा आक्षेप या वाक्याला आहे, आणि ते न तपासता गौरवणाऱ्या समीक्षेला त्याहून अधिक आहे.

भावनेशी आमचे भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. बापाच्या हातची वस्तू लेकाला मोडीत घालवत नाही, यात गैर काहीच नाही. परंतु जाते आणि बंदूक या एकाच जातीच्या वस्तू नव्हेत. जात्याच्या आठवणीत दळणारी बाई असते आणि खाणारी तोंडेही असतात. बंदुकीच्या आठवणीत नळीच्या मागचा माणूस तेवढा उरतो. नळीच्या पुढे कोण होते, हे लेखकाला आठवत नाही आणि समीक्षक विचारीत नाही.

हा वाद हवेत राहू नये म्हणून एक मुलूख समोर ठेवतो. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला जाणाऱ्या रस्त्यावर पूर्णेच्या काठी केदारखेडा हे गाव आहे. 21 सप्टेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूर येथे भेटले. दोन वाटांनी निघून 24 तारखेला भोकरदनच्या आसपास शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर एकत्र चालून जायचे, असा त्यांचा बेत ठरला. बदनापूर आणि भोकरदन यांच्या मधल्याच पट्ट्यात आजचे केदारखेडा येते. बेताच्या एक दिवस आधी, 23 सप्टेंबरला, स्टीव्हन्सन येऊन पोहोचण्यापूर्वीच वेलस्लीची गाठ शत्रूशी पडली आणि केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली. केदारखेड्याहून हे रणांगण एका दुपारात पाहून यावे इतके जवळ आहे.

या लढाईत शस्त्रांशी कोणाचे नाते कसे होते, ते पाहू. तोफा शिंद्यांच्या आणि भोसल्यांच्या. लढाईला तोंड लागताच दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले रणांगणावरून निघून गेले. शिंद्यांच्या कवायती पलटणींतील कित्येक इंग्रज अधिकारी कंपनीने देऊ केलेल्या अटी स्वीकारून युद्धाच्या तोंडावरच चाकरी सोडून गेले होते. उरलेल्या पलटणींचे नेतृत्व करणारा हानोव्हरचा पोलमन पुढे स्वतःच कंपनीच्या नोकरीत शिरला. म्हणजे मालक गेले, सरदार गेले, पगारी सेनापतींनीही आपापला सौदा करून घेतला. तोफांपाशी राहिले ते गोलंदाज. तोफा हातच्या जात असतानाही ते हलले नाहीत. कित्येक तोफांपाशीच कापले गेले. काही जण मेल्याचे सोंग करून पडून राहिले आणि इंग्रजी रांगा पुढे सरकताच त्यांनी त्याच तोफा फिरवून मागून मारा सुरू केला. कंपनीच्या फौजेतले 428 ठार आणि 1138 जखमी झाले, त्याचे मोठे कारण हा मारा होता. लढाईअखेर 98 तोफा वेलस्लीच्या हाती लागल्या. काही नोंदी 102 सांगतात. पुढे सव्वा महिन्याने, 1 नोव्हेंबरला, राजस्थानातील लासवारी येथे हेच घडले, आणि शिंद्यांचे गोलंदाज संगिनीने मारले जाईपर्यंत तोफांपासून ढळले नाहीत हे जनरल लेकला आपल्या पत्रात लिहावे लागले.

हे गोलंदाज कोण होते? शिंद्यांच्या कवायती फौजेची भरती मुख्यत्वे उत्तर हिंदुस्थानातली. ज्या तोफेपाशी ते मेले ती त्यांच्या मालकीची नव्हती. ती विकण्याचा अधिकार त्यांना नव्हता, म्हणून ती न विकण्याचा मोठेपणाही त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्याविषयी कंठ दाटलेला ललित निबंध आमच्या वाचनात नाही. आमचा मुद्दा हाच. मराठी गद्याने शस्त्राशी असलेल्या दोन नात्यांपैकी नेमके सोपे नाते निवडले. शस्त्राची मालकी नसताना ते न सोडणाऱ्याची निष्ठा आपण विसरलो, आणि मालकी असताना ते न विकणाऱ्याच्या हट्टाला निष्ठा म्हणू लागलो.

आता हा न विकण्याचा हट्ट येतो कोठून, तेही पाहू. लेखक सांगतात, तो रक्तातून येतो. आम्ही म्हणतो, त्याचा बराचसा भाग परवान्यातून येतो. 1878 च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियन आणि काही ठरावीक दर्जाचे देशी लोक यांना सूट मिळाली. त्या दिवसापासून घरातली बंदूक ही राखणीची वस्तू राहिली नाही, ती सरकारमान्य प्रतिष्ठेची खूण झाली. निजामाच्या मुलखातले कायदे वेगळे होते. तरी बंदूक कोणाच्या घरी असावी हे वतन, हुद्दा आणि मर्जी यांच्यावरच ठरे. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. खाजगी मालकाला आपली बंदूक विकायची असेल, तर घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. उलट वारसाला ती देण्याची वाट 2016 च्या नियमांनी मोकळी ठेवली आहे: धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, की तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो. एकदा विकली की नवा परवाना मिळवणे कठीण, आणि घरातच ठेवली की पुढच्या पिढीचा मार्ग सुकर. अशा व्यवस्थेत 'आम्ही विकणार नाही' या वाक्यात भावना किती आणि हिशेब किती, हे विचारणे समीक्षेचे काम नव्हे काय?

2019 मध्ये हा हिशेब उघडच झाला. एका परवानाधारकाला तीनऐवजी एकच बंदूक ठेवू देणारे विधेयक संसदेत आले, आणि वारशाने मिळालेल्या बंदुकाही त्यात मोजल्या जाणार होत्या. कायदा झाला तेव्हा हा आकडा दोन झाला होता. जास्तीची बंदूक एका वर्षात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. तेव्हा घराण्याच्या दोन बंदुका ठेवून तिसरी कोणती द्यायची, हे कोणीतरी ठरवलेच असणार. न विकल्या जाणाऱ्या वस्तूंतही उतरंड असते. त्या निवडीवर कोणी प्रामाणिक निबंध लिहिला असता, तर आम्ही तो आनंदाने वर्गात शिकवला असता.

या हट्टाची दुसरी बाजू बंदूक नाकारली गेलेल्यांच्या कागदांत आहे. पिढ्यान्पिढ्या कंपनीच्या आणि सरकारच्या फौजेत बंदूक खांद्यावर वाहिलेल्या महार समाजाची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 च्या सुमारास त्याविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी केली. शस्त्राविषयीची ओढ पाहायची असेल तर ती या अर्जांत पाहावी. तेथे भिंतीवर टांगायला बंदूक नव्हती. माणूस म्हणून हिशेबात धरले जाण्याचा एक मार्ग बंद झाला होता. आमच्या साहित्याच्या अभ्यासक्रमांनी या अर्जांकडे गद्य म्हणून किती पाहिले?

आणि नळीच्या पुढचा माणूस. मराठवाड्यात बंदुकीची आठवण 1947-48 ला टाळून सांगताच येत नाही. रझाकारांच्या बंदुकांची दहशत गावोगाव वर्णिली जाते, आणि ती खरीच होती. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर बळ दुसऱ्या बाजूला गेले, तेव्हा उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या त्या वेळच्या जिल्ह्यांत मुसलमानांवर काय ओढवले, ते सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवले आहे. हेही खरेच होते. त्या दोन वर्षांत कोणाच्या घरची बंदूक कोणावर रोखली गेली, हे न सांगता तिच्या नक्षीदार दस्त्याचे वर्णन करणारा लेखक आठवण सांगत नाही, ती झाकत असतो.

यावर दोन प्रतिवाद होतील. पहिला असा, की समाज आपल्या शस्त्रांना जपतोच. ती जपलीच पाहिजेत. मान्य. विजापूरची मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. 1854 मध्ये तिचा लिलाव पुकारला गेला, दीडशे रुपयांची बोली आली, आणि अखेर तो व्यवहार रद्द झाला. तो रद्द झाला हे चांगलेच झाले. 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने रघूजी भोसले (पहिले) यांची तलवार लंडनमधील लिलावातून परत मिळवली, तेही योग्यच. परंतु संग्रहालयात ठेवलेल्या शस्त्राला प्रश्न विचारता येतात; त्याच्याखाली पाटी लावता येते आणि चुकली तर बदलता येते. घरातल्या बंदुकीखालची पाटी एकटा मालक लिहितो, आणि आपण तिला ललित गद्य म्हणतो.

दुसरा प्रतिवाद अधिक जुना आहे. परक्या सत्तेने देश निःशस्त्र केला, म्हणून घरची बंदूक हे स्वाभिमानाचे प्रतीक, असा तो युक्तिवाद. त्यात तथ्य होते. 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तसा हक्क मागितला, तेव्हा मात्र डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. नागरिक या शब्दात गुन्हेगारही येतात, आणि नियमन करण्याची सत्ता राज्याकडे असली पाहिजे, असा त्यांचा रोख होता. ज्यांच्या समाजाला लष्कराचे दार बंद झाले होते, ज्यांचे वडील सुभेदार होते, त्यांनी हे म्हटले. शस्त्राची ओढ आणि शस्त्राचा विवेक एकाच माणसात असू शकतात, याहून ठळक दाखला आम्हांला ठाऊक नाही.

तेव्हा बंदूक विका, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहायचे असेल तर खुशाल वाहावे. आमची मागणी लेखकांकडे आणि त्याहून अधिक साहित्य शिकवणाऱ्यांकडे आहे. असा निबंध वर्गात आला की विद्यार्थ्यांना चार प्रश्न लिहून द्या: परवाना कोणाच्या नावाचा होता? ती साफ कोण करीत असे? तिच्या आवाजाने कोणाच्या घरात दचकून जाग येई? आणि ज्यांना ती कधीच मिळू शकली नाही, ते गावाच्या कोणत्या बाजूला राहत? या प्रश्नांची उत्तरे देऊनही निबंध उभा राहिला, तर तो चांगला निबंध आहे. त्यातल्या दाटलेल्या कंठाचा आम्हीही मान राखू.

असो. असईचे रणांगण केदारखेड्याहून दूर नाही, आणि जालना-औरंगाबादच्या महाविद्यालयांतूनही नाही. वस्तूंवरच्या निबंधांचा तास एकदा तिथे, केळणेच्या काठावर घ्यावा. तिथे भिंतीवर टांगण्यासारखे काही सापडणार नाही. तोफा 1803 मध्येच गेल्या. ज्यांनी त्या सोडल्या नाहीत त्यांच्याविषयी मराठीत चार वाक्ये कशी लिहायची, एवढाच अभ्यास तिथे करता येईल.