भाद्रपदातले साधे पान

भाद्रपद शुद्ध तृतीयेच्या हरितालिकेपासून अनंत चतुर्दशीपर्यंत मराठी स्वयंपाकघराला उसंत नसते. उपवास, नैवेद्य, गौरीचे जेवण, आरतीला येणाऱ्यांची खिरापत, असे एकामागून एक चालूच राहते. सणाचा स्वयंपाक म्हणजे जड स्वयंपाक, असा सर्वसाधारण समज आहे. पण या दिवसांचे ठरलेले पदार्थ नीट पाहिले, तर त्यांतले कितीतरी वाफवलेले, उकडलेले किंवा पालेभाज्यांचे आहेत. जडपणा आला तो तळण आणि गोडधोड रोजचे झाल्यामुळे, आणि त्यात मिठाईच्या डब्यांची भर पडल्यामुळे.

हरितालिकेच्या उपवासाला अनेक घरांत साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा कसावाच्या कंदातल्या स्टार्चपासून बनतो. त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. खिचडीला पौष्टिकपणा येतो तो दाण्याच्या कुटामुळे. त्यापेक्षा वरईचा भात आणि दाण्याची आमटी, किंवा दुधातला राजगिरा, हा उपवास पोटाला सोसतो. पावसाळी हवेत वरईला, म्हणजे भगरीला, बुरशी लवकर धरते आणि तिच्यातून विषबाधा होऊ शकते. म्हणून सुटे, जुने पीठ आणू नये; अख्खी वरई निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच घरी दळावी.

चतुर्थीचा मानाचा पदार्थ उकडीचा मोदक. देशावर आणि विदर्भात तळणीचे मोदक करण्याची रीत आहे, आणि त्यांची खुसखुशीत चव नाकारण्याचे कारण नाही. तरी रोजच्या नैवेद्याला कणकेचेही मोदक वाफवून होतात. उकडीसाठी एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप लागते. पाण्याला उकळी आली की पिठी घालून झाकण ठेवायचे आणि उकड गरम असतानाच ओल्या हाताने मळायची. मळण्यात आळस झाला की पारीला चिरा पडतात. हळदीच्या पानावर ठेवून दहा-बारा मिनिटे वाफ दिली की मोदक तयार होतो. त्यात वरून तूप किती सोडायचे ते खाणाऱ्याच्या हाती राहते. तळणीच्या मोदकाने आधीच किती तेल प्यायले आहे, ते मात्र कोणाला दिसत नाही.

सारणाबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे. गुळाचे म्हणजे बाधत नाही, असे मानून मोदकांची गणती सोडून दिली जाते. शंभर ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास कॅलरी असतात. साखरेत जेमतेम थोड्या अधिक. दीडशे ग्रॅम गुळात अकरा मोदक झाले, तर एका मोदकात साधारण १४ ग्रॅम गूळ जातो. जागतिक आरोग्य संघटना पदार्थात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांखाली सांगते. दोन हजार कॅलरींच्या आहारात ती ५० ग्रॅम होते आणि गूळही त्यातच मोजायचा असतो. तीन मोदकांतच ४२ ग्रॅम झाले. नारळ ताजा आणि गोड असेल, तर वाटीऐवजी पाऊण वाटी गुळातही सारण उत्तम होते. वेलदोडा आणि जायफळ हात राखून घालू नये. गोडीची उणीव सुवास भरून काढतो.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. मराठी सणांच्या स्वयंपाकात ऋषीच्या भाजीइतका शहाणा पदार्थ दुसरा नाही. बैलाच्या कष्टाचे या दिवशी खायचे नाही, असा दंडक. त्यामुळे नांगरलेल्या शेतातले धान्य बाजूला राहते आणि परसात हाताने लावलेले पानात येते: अळू, लाल माठाचे देठ, सुरण, भेंडी, पडवळ, शिराळे, लाल भोपळा, मक्याची कोवळी कणसे, ओले शेंगदाणे. मसाला नाही, कांदा-लसूण नाही, आणि अनेक घरांत तेलाचा थेंबही नाही. हिरवी मिरची, मीठ, चिंच किंवा अंबाडे आणि ओले खोबरे एवढ्यावर ही भाजी होते. तिचे सारे कौशल्य क्रमात आहे. आधी सुरण, कणसांचे तुकडे आणि दाणे, मग देठ, मग भोपळा आणि पडवळ, शेवटी भेंडी आणि पाने. सगळे एकदम कुकरमध्ये टाकले तर लगदा होतो आणि पुढची पिढी या भाजीला नाके मुरडते, ते बरोबरच असते. सुरण आणि अळू यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घशाला खाज येते ती त्यांच्यामुळे. म्हणून या दोन्ही भाज्या चांगल्या शिजवायच्या आणि आंबट विसरायचे नाही.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात खतखते याच वळणाचे आहे. तूरडाळ, कंद, शेंगा, भोपळा, नारळाचे वाटण, आमसूल, थोडा गूळ आणि तिरफळे घालून ते होते. फोडणी लागतच नाही. तिरफळाचा तो झणका असला की तेलाची आठवणही होत नाही.

गौरी येतात त्या दिवशी अनेक घरांत शेपूची किंवा मेथीची भाजी आणि भाकरी असा नैवेद्य असतो. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, कटाची आमटी आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, कोकणात घावन-घाटले. सोळा भाज्या सोळा पातेल्यांत करण्याची गरज नाही. एका मिश्र भाजीतही नेम पाळला जातो आणि करणाऱ्या बाईची कंबर वाचते. सणाच्या आरोग्याचा विचार करताना ओट्याशी सहा-सहा तास उभे राहणाऱ्या बाईचे आरोग्य हिशेबात धरले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. साधा बेत तिच्यासाठीही हवा. पुरणाला डाळीइतका गूळ घालण्याची चाल आहे, पाऊणपट पुरतो. शिजलेल्या डाळीचे पाणी आमटीला जाते, त्यामुळे त्यात उतरलेले सत्त्व फुकट जात नाही.

पान वाढण्याच्या रीतीतही प्रमाण ठरलेले आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाज्या आणि आमटी. आता भजी आणि वडे वाढले आणि कोशिंबीर चमचाभर उरली. काकडीची दह्यातली कोशिंबीर वाटीभर वाढावी, तळण एका दिवशी एकच करावे. तळून उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे. ते काळपट, चिकट झाले किंवा लवकर धुरावू लागले तर टाकून द्यावे. वारंवार तापलेल्या तेलात घातक घटक साचतात. व्यावसायिक तळणीच्या तेलात अशा ध्रुवीय संयुगांची मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २५ टक्के ठरवली आहे. घरात ती मोजता येत नाही, म्हणून डोळ्यांवर आणि नाकावर भरवसा ठेवायचा.

विसर्जनाला वाटली डाळ करतात. ही डाळ तेल फार पिते, अशी तक्रार असते, आणि कच्ची वाटलेली डाळ परतत बसले तर ती खरीच आहे. भिजलेली हरभरा डाळ मिरची-आल्याबरोबर भरड वाटून आधी दहा-पंधरा मिनिटे वाफवावी, निवल्यावर हाताने मोकळी करावी आणि मग मोहरी, हिंग, हळद, कढीलिंबाच्या थोड्या फोडणीत परतावी. वर लिंबू, कोथिंबीर आणि खोबरे. निम्म्याहून कमी तेलात डाळ मोकळी होते आणि दातांखाली कोरडी लागत नाही.