हसू, हसे आणि हास्यास्पद

मराठीत 'हसू' आणि 'हसे' हे सख्खे भाऊ शोभावेत असे दोन शब्द आहेत. लिहिताना फरक तो काय, उकार जाऊन मात्रा आली एवढाच. पण हसू 'येते' आणि हसे 'होते'. हसू आले की माणूस मोकळा होतो, हसे झाले की तोंड लपवतो. तिसरा भाऊ 'हशा'. तो 'पिकतो', आणि पिकायला चार माणसे जमावी लागतात.

जे पाहून किंवा ऐकून 'हे काय भलतेच!' असे वाटते, त्याला नाव देताना या तिघांपैकी कोणाला बोलवायचे हे आधी ठरवावे लागते. आजकाल आपण ते ठरवत नाही. सरसकट एकच शब्द वापरतो, 'हास्यास्पद'. आरोप हास्यास्पद, खुलासा हास्यास्पद, निकालही हास्यास्पद. 'आस्पद' म्हणजे स्थान किंवा विषय. संशयाचे स्थान ते संशयास्पद, तसे हसण्याचे स्थान ते हास्यास्पद. पण चर्चेत हा शब्द उच्चारणाऱ्यांचे चेहरे पाहा. हसत कोणीच नसते, सगळे चिडलेले असतात.

आपल्या आजी-पणजींना इतकी शब्दटंचाई नव्हती. त्यांच्याकडे प्रत्येक विसंगतीला वेगळा शब्द होता. समजूत असेल तर ती 'वेडगळ'. मांजर आडवे गेले म्हणून परत फिरणे वेडगळ. बडबड असेल तर ती 'बाष्कळ', विनोद असेल तर तो 'पाचकळ', वागणे असेल तर 'आचरट', माणूसच तसा असेल तर 'तऱ्हेवाईक'. मोठ्याने लहानासारखे केले तर 'पोरकट', आणि नसलेला मोठेपणा मिरवला तर 'भंपक'. बोलण्याला शेंडाबुडखा नसेल तर ते 'असंबद्ध', आणि एक वाक्य दुसऱ्याला खोटे पाडत असेल तर 'विसंगत'. 'अचाट' या शब्दात मात्र थोडे कौतुकही असते. आजची मुले 'कैच्या कै' म्हणून हे सगळे एका फटक्यात उरकतात. 'काहीच्या काही' घाईने बोलले की तसे होते. त्यात शिवी नाही आणि विषही नाही, म्हणून मला तो शब्द आवडतो.

काही शब्दांमागे गोष्टी आहेत. 'उंटावरचा शहाणा' घ्या. वासराचे तोंड रांजणात अडकले म्हणून गावाने शहाण्याला बोलावले. तो उंटावरून उतरेना, म्हणून आधी दार पाडले. मग त्याच्या सल्ल्याने वासराची मान कापली, आणि डोके निघेना म्हणून शेवटी रांजणही फोडला. वासरू गेले, रांजण गेला, दारही गेले. शहाणपण तेवढे शाबूत राहिले! 'बादरायण संबंध' तसाच. पाहुणा म्हणाला, माझ्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे आणि तुमच्या दारात बोरीचे झाड, म्हणून आपण नातलग. बदरी म्हणजे बोर. या दोन्ही गोष्टींत हसणे आहे ते अडेलपणाला आणि ओढूनताणून जोडलेल्या नात्याला.

हसण्याच्याही पायऱ्या असतात, हे भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहे. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार. पहिले दोन उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. उपहसितात नाकपुड्या फुगतात आणि नजर वाकडी होते. अपहसित म्हणजे नको तिथे हसणे. ही नोंद ज्याने केली त्याने लग्नाच्या पंगती आणि नातेवाइकांच्या बैठका नीट पाहिलेल्या असणार!

हे नको तिथले हसणे आपण सीमाभागातल्या लोकांनी पुष्कळ सोसले आहे. 'मी येणार होतो, खरं पाऊस आला' असे आपल्याकडचे कोणी पुण्यात बोलले की ऐकणारे एकमेकांकडे बघतात. 'पण'च्या जागी 'खरं'! आणि एखादी मुलगी 'मी जातो' म्हणाली तर बघायलाच नको. लगेच शिक्का बसतो, 'काय हास्यास्पद मराठी!' वास्तविक शेजारच्या कन्नडमध्ये 'नानु बंदे' हे बाई म्हणो की बाप्या, क्रियापद तेच राहते. 'मी आलो' आणि 'मी आले' असा भेदच तिथे नाही. पिढ्यानपिढ्या दोन भाषा एकाच विहिरीवर पाणी भरत असतील, तर एकीचे पाणी दुसरीच्या घागरीत सांडणारच. यात विसंगती काही नाही.

हसू यायला हरकत नाही. पु. ल. देशपांड्यांच्या 'गणगोत'मधले बेळगावचे रावसाहेब आठवा. त्यांच्या बोलण्यातला कानडी हेल वाचताना महाराष्ट्र पोट धरून हसला, पण रावसाहेबांचे हसे झाले नाही. उलट त्या माणसाची माया लागली. बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी (1892-1963) चिमणरावांची फजिती किती वेळा केली! तरी चिमणराव आपल्या घरातलेच वाटतात, कारण लेखक त्यांच्यासकट आपल्या सर्वांना हसतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे'मधून खुळचट रूढींना कोपरखळ्या मारल्या. त्यांचा नेम रूढींवर होता.

म्हणून घरातल्या मोठ्यांना एक विनंती. सुट्टीत आलेली पुण्या-मुंबईची भावंडे आपल्या मुलांच्या बोलण्याला हसली, तर मुलांना गप्प करू नका. 'तिथे गेल्यावर तोंड उघडू नको, हसतील' हे वाक्य तर मुळीच बोलू नका. असे ऐकलेली मुले पुढे मराठीच टाळतात आणि इंग्रजीच्या आडोशाला जातात. त्यापेक्षा सगळ्यांना एकत्र बसवा, 'मी जातो'मागचे कारण सांगा, आणि पुण्याच्या भाच्यालाही विचारा, की बाबा, डोक्याला 'टाळकं' म्हणणारे तुम्ही शहाणे कसे? मग हशा पिकू द्या. त्यात तोही हसेल, आपली पोरेही हसतील, आणि हसे कोणाचेच होणार नाही.