काचेच्या मनोऱ्यांखालचा कापूस

मुंबईत सेनापती बापट मार्गावर कचेऱ्यांचे काचेचे मनोरे जोडीने उभे आहेत. देशाच्या प्रगतीची खूण म्हणून ते मिरविले जातात. बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी मात्र एक प्रश्न विचारला पाहिजे : हे वैभव कोणाच्या श्रमांवर उभे आहे?

या जागी ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या कापड गिरण्या होत्या. मुंबईच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसावर पोसल्या. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने जलंब-खामगाव लोहमार्गाचे उद्घाटन केले, ते खामगावकरांच्या सोयीसाठी नव्हे. येथील कापूस मुंबईस पोचावा म्हणून. शेतकऱ्याने कापूस पिकविला, कामगाराने तो कातला, विणला. या दोघांच्या घामाने गिरणगाव वसले आणि तेथील जमिनीला मोल आले.

ते मोल गेले कोठे? १९९१ च्या नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते : एक मोकळ्या जागेस, एक सार्वजनिक घरांस, एक मालकास. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरविली आणि जनतेचा वाटा नाममात्र केला. २००५ साली सरकारी मालकीच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानेच ज्युपिटरची जमीन २७६ कोटींना इंडियाबुल्स समूहास विकली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली.

विक्रीचे समर्थन असे की, या पैशातून कामगारांची देणी फिटतील आणि उरलेल्या गिरण्यांना नवे जीवन मिळेल. त्या नवजीवनाचा पुरावा आपल्या शेजारीच, अमरावती जिल्ह्यात आहे. अचलपूरची फिनले मिल नव्या यंत्रांनिशी सुरू झाली खरी. पण २०२० च्या टाळेबंदीत तिचे दार लागले आणि टाळेबंदी उठल्यावरही वर्षानुवर्षे ते उघडले नाही. मनोऱ्यांचे दिवे मात्र एक रात्रही विझले नाहीत!

जमीन सरकारी गिरणीची, मोल कष्टकऱ्यांचे आणि नफा भांडवलदाराचा, हा कोणता न्याय? महामंडळाच्या ताब्यात उरलेल्या जमिनीचा एक चौरस फूटही आता या हिशेबाने विकला जाता कामा नये. त्या जमिनीतून प्रथम गिरणी कामगारांना मुंबईतच घरे मिळाली पाहिजेत. उरलेल्या पैशातून फिनले चालू झाली पाहिजे आणि खामगाव-मलकापूरच्या कापसाला जिल्ह्यातच सूतगिरण्या मिळाल्या पाहिजेत. ही याचना नव्हे, थकलेल्या येण्याची मागणी आहे. ती गावोगावच्या कापूस उत्पादकांपर्यंत नेणे हे आपले काम आहे.