नामनिर्देशन कीं तिकीट ?

निवडणूक जवळ आली कीं जालन्याच्या बाजारपेठेंत एकच प्रश्न ऐकूं येतो : ‘तिकीट कोणाला ?’ या प्रश्नांत मतदाराचें नांवहि नाहीं, हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आपण जो शब्द नित्य वापरतों तो हळूहळू आपली समजूत बदलून टाकतो. म्हणून त्याची छाननी करणें आम्हांस अवश्य वाटतें.

कायद्याचा शब्द ‘नामनिर्देशन’ असा आहे. त्याचा सरळ अर्थ नांव दाखवून देणें. आतां हें नांव कोणीं दाखवून द्यावयाचें ? ज्याचें नांव त्यानेंच नव्हे, तर त्या मतदारसंघांतील मतदारानें. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानें प्रारंभीं सूचक व अनुमोदक अशा दोघांच्या सह्या मागितल्या होत्या. पुढें अनुमोदक गळाला. आज मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो; इतरांस १९९६ पासून दहा लागतात. विधानसभेच्या अर्जांत ‘मी अमक्याचें नामनिर्देशन करतों’ हें वाक्य सूचकाच्या तोंडचें आहे. उमेदवार त्यास केवळ संमति देतो. व्यवहारांत मात्र आपण ‘अमक्यानें उमेदवारी दाखल केली’ असें म्हणतों, आणि सूचक सही करून घरीं जातो.

‘उमेदवार’ हा शब्द फारसींतून आला. त्याचा अर्थ आशा धरणारा. मराठींत, पुढें नोकरी मिळेल या आशेनें कचेरींत काम शिकत राहणाऱ्यासहि उमेदवारच म्हणत. आधीं काम, मग पद, हा त्यांतील क्रम होता. ‘तिकीट’ या शब्दांत तो क्रमहि उरला नाहीं. तिकीट पैसे मोजून घ्यावयाचें असतें.

नामनिर्देशनाचा दुसराहि एक अर्थ आहे. विधान परिषदेंतील १२ सभासदांचें नामनिर्देशन राज्यपाल करतात. तेथें नांव वरून येतें. आपल्या मराठवाड्यास या दोन अर्थांतील अंतर शिकवावयास नको. १९३८ सालीं हैदराबाद संस्थानांत सत्याग्रह झाला तो जबाबदार राज्यपद्धतीसाठींच, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली. इतकें सोसून मिळविलेला हक्क आपण होऊन वरच्यांच्या हातीं द्यावयाचा काय ?

पक्षांशिवाय लोकशाही चालत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पक्षानें मनुष्य निवडावा. परंतु त्यास पुढें करणाऱ्या मतदारानें डोळे मिटूं नयेत. ते मिटले म्हणजे काय होतें, तें दिसलें आहे. नाशिक जिल्ह्यांतील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी येथें ग्रामपंचायतीच्या पदांचा लिलाव झाल्याचें उघडकीस आल्यावर, राज्य निवडणूक आयोगानें जानेवारी २०२१ मध्यें तेथील निवडणुका रद्द केल्या. बोली लावणारे दोषी खरेच. पण त्या बोलीपुढें आपला अर्ज मागें ठेवणारे व गप्प बसणारे निर्दोष कसे?

जालना ही बियाण्यांची पेठ. १९६६ च्या बियाणे कायद्यान्वयें अधिसूचित वाणाच्या पिशवीवर किमान उगवणशक्ति व शुद्धता लिहावी लागते. बीं उगवलें नाहीं तर शेतकरी दुकानाच्या पायरीवर येऊन जाब विचारतो, आणि आपलें नांव राखणारा व्यापारी तो देतो. मग मनुष्याच्या नांवाखालीं सही करतांना आपण इतके बेफिकीर कां ? ज्यास उधार माल देण्यास आपण धजणार नाहीं, त्यास गांवाची तिजोरी देण्याची सूचना आपण करूं नये. सूचकानें उमेदवारास हिशेब विचारावा, आपण याचें नांव कां सुचविलें हें चारचौघांत सांगावें, आणि निवडून आल्यावर तो चुकला तर त्याच्या दारीं पहिल्यानें आपण जावें.

जालन्याची नगरपालिका २०२३ सालीं महानगरपालिका झाली. कारभार वाढला, तशी नांव सुचविणाऱ्याची जबाबदारीहि वाढली. तेव्हां यापुढें बाजारांत ‘तिकीट कोणाला ?’ असें कोणी विचारलें, तर आमच्या वाचकांनीं उलट विचारावें, ‘सूचक कोण ?’