उभ्याने पाहिलेला बॅले

‘तोच नाच किती वेळा पाहणार?’ हा प्रश्न गेल्या तीस वर्षांत मला इतक्या जणांनी विचारला आहे, की त्यांची नावं लिहायची ठरवली तर लेजरचं एक पान सहज भरेल. विचारणाऱ्यांत घरची माणसं आहेत, बँकेतले जुने सहकारी आहेत आणि माझ्या कादंबऱ्या वाचणारेही आहेत. या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कुणी उघड विचारत नाही. आपलं कथक-भरतनाट्यम सोडून ही बाई पायाच्या अंगठ्यावर नाचणाऱ्या परदेशी मुलींच्या मागे का लागली, आणि तिला त्यातलं कळतं तरी काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच घरात आहे. माझ्या आजोबांनी ‘सौभद्र’ किती वेळा पाहिलं याचा हिशेब त्यांनी स्वतःही ठेवला नव्हता. कथा पाठ, पदं पाठ, तरी निघायचे. सुभद्रेचं लग्न कुणाशी होणार हे कळावं म्हणून थोडेच जात होते? आज अमुक पद कसं लागतंय, ते ऐकायला जायचं. मनासारखं लागलं की ‘वन्स मोअर’! बॅलेचा शौकीन याच जातीचा माणूस आहे. फरक इतकाच, की तिथे ‘वन्स मोअर’ सहसा मिळत नाही. पुन्हा पाहायचं तर पुन्हा तिकीट काढायचं.

1992 ते 1996 अशी चार वर्षं मी बँकेच्या लंडन शाखेत होते. संध्याकाळी दिवसाचा हिशेब जुळला, की ओव्हरकोट चढवून कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसकडे. तिथे उभं राहून पाहण्याच्या स्वस्त जागा असतात. खुर्चीचं तिकीट आमच्या आवाक्यात महिन्या-दोन महिन्यांनी एकदा यायचं. उभ्याच्या जागी मात्र त्याच पैशांत कितीतरी संध्याकाळी निभायच्या. दिवसभर काउंटरमागे बसून काढल्यावर तीन तास उभं राहणं जडही वाटत नसे. (तेव्हा गुडघे माझे होते. आता ते डॉक्टरांचे आहेत.)

तिथे शेजारी नेहमी एक निवृत्त शिक्षिका असायच्या. 21 फेब्रुवारी 1962 रोजी मार्गो फॉन्टेन आणि रुडॉल्फ नुरेयेव प्रथम एकत्र ‘जिझेल’ नाचले, तेव्हा त्या तिथेच होत्या. फॉन्टेन 42 वर्षांची, नुरेयेव 23 चा. बाईंनी मला एक गोष्ट शिकवली. मुख्य नर्तकीवर डोळा ठेवायला कुणीही ठेवतो; तू मागच्या ओळीतली एक मुलगी निवड आणि तिच्यामागे लाग. आमच्या बँकेत जशा ऑफिसरांच्या स्केल, तशा रॉयल बॅलेमध्येही समूहातल्या नर्तकीपासून ‘प्रिन्सिपल’पर्यंत पायऱ्या आहेत. एखादी मुलगी वर्षानुवर्षं तिसऱ्या ओळीत राहते, आणि एखादी तुमच्या डोळ्यांदेखत पुढे सरकते. ती वर चढली की आपल्याच घरात कुणाला बढती मिळाल्यासारखं वाटतं.

आता ‘कळतं काय’ याबद्दल. ‘जिझेल’ 1841 मध्ये पॅरिसला प्रथम रंगमंचावर आलं. खेड्यातली मुलगी, वेष पालटून आलेला सरदार. तो आपल्यावर प्रेम करतो की नाही, हे पाहायला ती फुलाची एकेक पाकळी खुडते. उत्तर ‘नाही’ येणार हे लक्षात येताच तिचा चेहरा पडतो. मग सरदार ते फूल उचलतो, एक पाकळी हळूच काढून टाकतो आणि उत्तर ‘हो’ आलं असं दाखवतो. तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला ही सरळ सरळ अफरातफर वाटणारच! पण गंमत पुढे आहे. फसवणूक उघडी पडल्यावर वेड लागलेली जिझेल तेच फूल हवेत धरून पाकळ्या खुडू लागते. इथे प्रत्येक नर्तकी निराळी. एक जण इतकं सावकाश मोजायची, की आकडा चुकवला गेला होता हे तिला आत्ता उमगतंय असं वाटे. दुसरीला ते उमगतच नसे; ती आपली लहान मुलीसारखी आनंदाने मोजत राही आणि माझ्या घशात आवंढा दाटे. पावलं तीच, संगीत तेच. पहिल्या वेळी मला फक्त एक वेडी मुलगी दिसली होती. हा फरक दिसायला मला पाच-सहा प्रयोग लागले. कळण्याला दुसरा रस्ता मला तरी ठाऊक नाही, आणि या रस्त्यावर जन्माचा दाखला कुणी मागत नाही.

फोनवर हल्ली बॅलेचे दीड-दोन मिनिटांचे तुकडे फिरतात. त्यांत बहुतेक वेळा ‘स्वान लेक’मधल्या एका पायावर घेतलेल्या 32 गिरक्या असतात. 1895 मध्ये सेंट पीटर्सबर्गला पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने त्या घेतल्या आणि तेव्हापासून प्रेक्षक मोजत बसले. मीही मोजायचे; सवयच ती. पण बोल्शोईची माया प्लिसेत्स्काया, जिची हंसिणी जगाने डोक्यावर घेतली, ती त्या गिरक्या घ्यायची नाही. त्याऐवजी रंगमंचाला वेढा घालत वेगाने फिरायची. मोजणाऱ्याच्या हिशेबात ती नापास! फोनवर दिसत नाही ते आणखी एक म्हणजे आवाज. चोवीस हंसिणी एकदम उतरतात तेव्हा त्यांच्या कडक बुटांची टकटक येते, पुढे बसलात तर धापही ऐकू येते. या पऱ्या घाम गाळणाऱ्या कामकरी मुली आहेत हे त्या टकटकीने मला पहिल्यांदा सांगितलं, आणि त्यांच्याबद्दल आदर वाढला.

भारतीय प्रेक्षकाची खरी परीक्षा ‘ला बायादेर’ पाहताना होते. मारियस पेतिपाने 1877 मध्ये रचलेल्या या बॅलेत गोवळकोंड्याचा राजा आहे, देवळातली नर्तकी निकिया आहे, उड्या मारणारे फकीर आहेत आणि फुलांच्या परडीत लपवलेला सापही आहे. सगळं मिन्कुसच्या वॉल्ट्झवर! पहिल्या अंकात मी ओठ दाबून हसले. नंतर सर्पदंशाने मेलेल्या निकियाचा प्रियकर अफूच्या तंद्रीत जातो आणि अंधारातल्या उतारावरून पांढऱ्या वेषातली एक मुलगी येते. एक पाय मागे उचलून झुकते, सरळ होते, पुढे सरकते. मागून दुसरी, तिसरी. रॉयल बॅलेच्या प्रयोगात अशा चोवीस जणी. पहिली मुलगी तीच हालचाल तिसाहून अधिक वेळा करते. एकीचाही तोल गेला तर सगळं थिएटर पाहणार. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

त्या खोट्या हिंदुस्थानावर अलीकडे टीका होते, ती योग्यच आहे. अमेरिकेत 2024 मध्ये इंडियाना विद्यापीठाने ही कथा 1930 च्या हॉलिवूडमध्ये नेऊन ठेवली. नेऊ देत. पण याच निकियाची भूमिका 1902 मध्ये अॅना पावलोव्हाने गाजवली. पुढे ती 1922 मध्ये हिंदुस्थानात येऊन खरं काय ते शोधून गेली, आणि 1923 मध्ये उदय शंकरांबरोबर कॉव्हेंट गार्डनच्याच रंगमंचावर राधा झाली. चुकीच्या चित्रातूनही कधी कधी कुतूहल जागं होतं, असं मला यावरून वाटतं.

केनेथ मॅकमिलन हे रचनाकार 29 ऑक्टोबर 1992 रोजी त्यांच्याच ‘मायरलिंग’चा प्रयोग सुरू असताना रंगमंचामागे वारले. शेवटी ही बातमी रंगमंचावरून सांगितली गेली. मी त्या रात्री नव्हते. शेजारच्या बाई होत्या. टाळ्या न वाजवता माणसं जिना उतरली, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

थिएटरवाल्यांना माझं एक सांगणं आहे, इथल्या आणि तिथल्याही. पुढच्या खुर्च्या शेकडो पौंडांना विका, हजारो रुपयांना विका. पण उभ्याच्या आणि बाल्कनीच्या जागांना हात लावू नका. पुढच्या रांगेतला माणूस पुष्कळदा वाढदिवसाला म्हणून येतो. काल आणि आज यांतला फरक सांगणारा मागे उभा असतो, आणि नर्तकांनाही ते माहीत असतं.

2024 मध्ये मुलीकडे लंडनला गेले, तेव्हा ‘स्वान लेक’ लागलं होतं. या वेळी खुर्ची घेतली. दुसऱ्या अंकात डावीकडच्या ओळीत तिसरी मुलगी मान वळवताना इतरांहून किंचित उशीर करत होती. चूक नव्हती ती, ऐकत होती ती संगीत. दोन प्रयोग पाहून तिचं नाव शोधून काढलं आणि डायरीत लिहून ठेवलं आहे.