स्वागताला कोण आहे?

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. ओटा पुसून मी नुकतीच बाहेर येऊन टेकले होते, तोच आमच्या बचत गटातली एक मैत्रीण दारात उभी. अंगणवाडीत सेविका आहे. वय ३६, बारावीवर शिक्षण थांबलेलं, दोन मुलं, नवरा टेम्पोवर. हातातला मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "वहिनी, मी नापास झाले का हो?"

तिचं कॉलेज सुरू होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. नवव्या दिवशी कोण नापास होतं? पण तिच्या मोबाइलवर लाल अक्षरात 'ओव्हरड्यू' असं आलं होतं. शेजारच्या मुलाने तिला त्याचा अर्थ सांगितला, मुदत संपली. झालं! त्या दिवसापासून बाईने ते पान उघडलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, तिने ऑनलाइन बी.ए.ला प्रवेश घेतला तो हौसेखातर नव्हे. मुख्यसेविकेच्या जागेसाठी पदवी लागते, आणि वय काही थांबत नाही. फी भरायला गटातून कर्ज काढलं होतं. म्हणजे हप्ता सुरू आणि शिक्षण बंद, अशी गत होणार होती. मी चष्मा लावला आणि दोघी बसलो. अर्ध्या तासाने उलगडा झाला. तो गृहपाठ मागच्या वर्षीचा होता! जुना अभ्यासक्रम तसाच्या तसा नव्या मुलांसाठी उघडून दिला होता आणि तारखा बदलायच्या राहून गेल्या होत्या. कोणाची तरी पाच मिनिटांची चूक. पण इकडे एक बाई नऊ दिवस स्वतःला नापास समजून बसली होती, आणि घरात कुणाला सांगायचीही चोरी.

बरं, त्याआधीचे अडथळे तरी काय थोडे होते? पहिला निरोप इंग्रजीत. तिचा ई-मेल सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला, पासवर्ड त्याच्याच वहीत. ओटीपी जायचा नवऱ्याच्या फोनवर, कारण घरातली सगळी सिमकार्डं त्याच्या नावावर आणि अर्जातही त्याचाच नंबर दिलेला. तो असायचा पुण्याच्या रस्त्यावर. तो ओटीपी वाचून दाखवेपर्यंत इकडे वेळ संपलेली. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ही अडचण तर आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. राजपत्राची प्रत शोधण्यात दोन दिवस गेले. मग दोनशे जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात रोज चाळीस पीडीएफ. कुठलं आज वाचायचं आणि कुठलं परीक्षेच्या वेळी, कोण सांगणार?

मला माझं कॉलेज आठवलं. बी.ए.च्या पहिल्या दिवशी मी फाटकातच बावरून उभी होते. शिपाईकाकांनी विचारलं, "एफ.वाय. का? वरच्या मजल्यावर, डावीकडे." वर्गात शेजारी बसलेल्या मुलीने वेळापत्रक उतरवून दिलं. सरांनी आत येऊन प्रत्येकीला गाव विचारलं. त्या पहिल्या तासाला शिकवलं काहीच नाही, पण दुसऱ्या दिवशी यायचं हे पक्कं झालं. ऑनलाइन कॉलेजात हे शिपाईकाका, ती शेजारची मुलगी आणि ते सर आपोआप येत नाहीत. कुणीतरी मुद्दाम बसून त्यांची सोय करावी लागते, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ती सोय केल्याशिवाय प्रवेश देऊ नयेत.

दूरशिक्षण आपल्याला नवं नाही. दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे अभ्यासक्रम १९६२ साली सुरू केले. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद, आणि त्याच्या आधाराने चूल सांभाळून पदवीधर झालेल्या बायका गावोगावी भेटतात. त्या काळी पुस्तकं हातात पडायची, अभ्यासकेंद्र गावात किंवा शेजारच्या गावात असायचं. संपर्कसत्राला गेलं की चार तोंडओळखी व्हायच्या. २०१७ साली केंद्र सरकारचं 'स्वयम' आलं. त्यात व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायची जागा अशी चार अंगं आहेत. घरबसल्या एवढं मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण घरबसल्या मिळतं म्हणजे एकटीने मिळतं, हे विसरून चालत नाही.

ब्रिटनमधल्या गिली सॅमन या बाईंनी ऑनलाइन शिकवण्यावर २०००मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी पाच पायऱ्या मांडल्या आहेत. पहिली पायरी आत येता येणं आणि यावंसं वाटणं. दुसरी एकमेकांची ओळख. माहितीची देवाणघेवाण तिसऱ्या पायरीवर! आपल्याकडे थेट तिसरीवर उडी मारतात, आणि पहिलीवर अडखळलेल्या बाईला म्हणतात, हिला शिक्षणाची आवडच नाही.

पाहुणा दारात आला की आपण काय करतो? आधी पाणी, मग बसा म्हणतो. पंगतीतही मीठ, चटणी, कोशिंबीर, मग वरणभात असा क्रम असतो. सगळे पदार्थ एकदम ताटात ओतत नाही. एवढं शहाणपण कॉलेजांनी उचललं तरी पुरे.

म्हणजे नेमकं काय? कॉलेज सुरू होण्याच्या आठवडाभर आधी मराठीत एक पानाचं पत्र यावं. कुठून आत यायचं, पहिल्या दिवशी काय करायचं, अडलं तर कुणाला आणि किती वाजता फोन करायचा, एवढंच त्यात असावं. अर्ज भरतानाच ओटीपीसाठी नंबर तुमचा स्वतःचा आहे का, हे विचारावं. पहिल्या आठवड्याला गुण नसावेतच. त्या आठवड्यात बाईने फक्त आत येऊन बघावं, आपल्याबद्दल दोन ओळी लिहाव्यात, लिहिणं जमत नसेल तर आवाजात सांगावं, आणि वहीच्या एका पानाचा फोटो काढून पाठवून बघावा. गृहपाठ पाठवायचा कसा, ही धास्ती गृहपाठापेक्षा मोठी असते, अहो! ती बिनागुणांच्या पानावर मोडते. शिकवणाऱ्यांनी तीन मिनिटं स्वतःचा चेहरा दाखवून बोलावं. फार सजवलेलं नको, आपल्याशी कोण बोलतंय ते कळलं की झालं. आणि प्रत्येक आठवड्याची मांडणी एकसारखी असावी. स्वयंपाकघरात डबे रोज जागा बदलू लागले तर फोडणी जळणारच ना?

तासांबद्दल मात्र खरं सांगा. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकामागे ३० तासांचा अभ्यास धरला आहे. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे १२० तास. सत्राचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला ८ तास. असे पाच विषय म्हणजे आठवड्याला ४० तास! अंगणवाडी, घर आणि वर हे. माझ्या मैत्रिणीला हा हिशेब कुणी सांगितलाच नव्हता, जाहिरातीत तर 'फावल्या वेळात पदवी' असंच होतं. आधी कळलं असतं तर तिने विषयांची आखणी करून घेतली असती, गौरी-गणपती आणि सप्टेंबरातला पोषण महिना बघून गृहपाठाच्या तारखा वहीत मांडल्या असत्या. सत्राच्या सगळ्या तारखा पहिल्याच दिवशी हातात हव्यात त्या यासाठी.

कुणी म्हणेल, मोठ्या बायकांना इतकं बोट धरून कशाला न्यायचं? मीही तशीच होते. २०२०च्या टाळेबंदीत आमच्या महिला मंडळाची सभा ऑनलाइन घ्यायचं ठरलं. मी लिंक पाठवली आणि चाळीसपैकी सहा जणी आल्यावर रागावले. बायकांना काही नको असतं, असंही बोलून गेले. नंतर कळलं, निम्म्या जणींना लिंकवर बोट ठेवायचं असतं हेच ठाऊक नव्हतं, आणि काही जणींना वाटलं की कॅमेऱ्यात घर दिसेल, घरात पसारा आहे. त्या शब्दांची मला अजून लाज वाटते.

माझी मैत्रीण त्या रात्री सव्वाअकराला घरी गेली. नवा ई-मेल काढला, स्वतःच्या नावावर सिम घ्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजला फोन केला. चौथ्या वेळी उचलला, पण ज्या मॅडमने उचलला त्या भल्या होत्या. त्यांनी तारीख दुरुस्त केली. दोनशे जणांत हे विचारणारी ती पहिलीच निघाली. बाकीच्यांनी काय केलं असेल, कोण जाणे.

पहिल्या सत्रात तिचे दोन विषय निघाले, तीन राहिले. ती म्हणते, राहिलेले पुढच्या खेपेला काढते. हप्ते ती वेळेवर भरते आहे. आता दर रविवारी चार ते सहा मंडळाच्या खोलीत ती स्वतःच बसते, तिचा मोबाइल आणि मंडळाचा वायफाय घेऊन. येत्या जुलैत आमच्याकडच्या आणखी चौघी प्रवेश घेणार आहेत. त्यांच्यासाठी तिने एक वही केली आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'सिम कुणाच्या नावावर आहे?'