तलवारी उरल्या, प्रश्न हरवला : ॲक्शनपटांची नवी आवृत्ती का फसते?

१/ गाजलेला ॲक्शनपट नव्याने आला आणि पडला, की दोन कारणे हमखास ऐकू येतात : संगणकीय दृश्यांचा अतिरेक, नाहीतर प्रेक्षकांचे स्मरणरंजन. मला दोन्ही अपुरी वाटतात. कोणतेही साधन हाती आले की इतिहासाचा विद्यार्थी प्रथम विचारतो, हे कधी घडले आणि तेव्हा भोवताली काय चालले होते? हाच प्रश्न एका कथेच्या पाच अवतारांना विचारून पाहू.

२/ १९५४, जपान. अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’. दरोडेखोरांनी गांजलेले शेतकरी गावाच्या रक्षणासाठी सात सामुराई आणतात. मोबदला काय, तर पोटभर भात. अमेरिकेचा लष्करी ताबा एप्रिल १९५२ मध्ये संपला होता. ताब्याच्या काळात सामुराईपटांवर सरंजामी निष्ठेचे प्रचारक म्हणून निर्बंध होते. आपल्या योद्ध्यांविषयी मोकळेपणाने बोलण्याची मुभा जपानी दिग्दर्शकांना नुकती कुठे मिळाली होती.

३/ या मुभेचा वापर कुरोसावा यांनी गौरवगाथेसाठी केला नाही. शेतकऱ्यांनी मारलेल्या सामुराईंची चिलखते गावात दडवलेली सापडतात, तेव्हा इतर सामुराईंचे चेहरे उतरतात. त्या क्षणी किकुचियो उसळतो : शेतकरी लबाड आहेत, कपटी आहेत, पण त्यांना तसे केले कोणी? तुम्ही सामुराईंनीच. किकुचियो स्वतः शेतकऱ्याचा पोर आहे. हातातली वंशावळ खोटी आहे, आणि तीवरून हिशेब केला तर कथेचा काळ १५८६ च्या सुमाराचा ठरतो.

४/ हे साल ध्यानात ठेवा. दोनच वर्षांनी, १५८८ मध्ये, तोयोतोमी हिदेयोशी याने फर्मान काढून शेतकऱ्यांची शस्त्रे जप्त केली. स्वतः सामान्य कुळातून वर आलेल्या माणसाने आपल्या मागे शिडी ओढून घेतली. किकुचियोने ओलांडलेली रेषा पुढे जवळजवळ अभेद्य झाली. चित्रपट हे फर्मान दाखवत नाही. परंतु ते ठाऊक असणाऱ्याला प्रत्येक लढाईत त्याची सावली दिसते.

५/ आता यातली ‘ॲक्शन’ पाहा. सातांपैकी चौघे मरतात, आणि चौघेही बंदुकीच्या गोळीने. तलवारबाजीत ज्याला तोड नाही, तो क्यूझोसुद्धा. एका वर्गाचा अस्त येथे संवादातून सांगितलेला नाही, तो लढाईच्या रचनेतच आहे. म्हणूनच शेवटी भात लावणाऱ्या शेतकऱ्यांकडे पाहत म्होरक्या कांबेई म्हणतो की जिंकले ते शेतकरी, आपण नव्हे. आणि ते आपल्याला पटते.

६/ १९६०, अमेरिका. जॉन स्टर्जेस यांचा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’. सामुराईंच्या जागी बंदूकबाज, गाव मेक्सिकोतले, मोबदला माणशी २० डॉलर. नक्कल म्हणून हिणवावे, तर तसे करता येत नाही. आरंभीच एका मूलनिवासी माणसाच्या दफनाला गावातले गोरे आडवे येतात आणि दोघे बंदूकबाज ती शवगाडी हाकून नेतात. वर्णभेदाविरुद्धच्या धरणे आंदोलनांनी ढवळून निघालेले हे वर्ष. म्हणजे स्टर्जेस यांनी कथा उसनी घेतली, पण प्रश्न आपल्या काळातून घेतला.

७/ १९७५, भारत. ‘शोले’ला दोन्हींचा वारसा आहे. येथे ठाकूरचा सूड मध्यवर्ती असला, तरी तो खासगी राहत नाही. कायद्याचा माजी अधिकारी कायद्यावरचा विश्वास गमावून बसला आहे. चित्रपट आला तेव्हा आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. ठाकूर गब्बरला ठार करतो हा मूळ शेवट सेन्सॉरने बदलायला लावला आणि पडद्यावर ऐन वेळी पोलीस अवतरले. ज्या सूडाची सत्तेला धास्ती वाटते, त्यात काळाचा प्रश्न दडलेला असतोच.

८/ २००७ मध्ये राम गोपाल वर्मा यांनी हीच कथा मुंबईत आणली. ‘आग’च्या फजितीवर विनोद पुष्कळ झाले, कारणाचा विचार कमी झाला. गब्बरची दहशत त्याच्या आवाजापेक्षा रामगढच्या एकाकीपणात आहे. तेथे राज्यसंस्था पोहोचतच नाही. महानगरात ती पोहोचते आणि अनेकदा गुंडांशी हातमिळवणी करते. हा निराळा आणि तितकाच भीषण प्रश्न होता. तो न विचारता जुना खलनायक तेवढा नव्या पत्त्यावर पाठवला गेला.

९/ २०१६ चा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ अधिक बोलका आहे. खलनायक खाणमालक आहे, आणि आरंभीच तो भांडवल, लोकशाही व देव यांना एकाच माळेत ओवतो. वाटते, आता २००८ च्या मंदीतून गेलेला अमेरिकी समाज स्वतःकडे पाहणार. पण शेवटी उलगडा होतो की नायकाच्या आई-बहिणींचा घात याच माणसाच्या टोळीने केला होता. झाले! खाण, जमीन, भांडवल मागे पडले. उरला एक जुना हिशेब. दोन्ही सामुराईपुत्र चित्रपटांत चौघेच मरतात, पण येथे त्या मृत्यूंतून कोणत्याही वर्गाविषयी काही कळत नाही.

१०/ तेव्हा माझे मत असे : पुनर्निर्मिती मुळात वाईट नसते. १९६० आणि १९७५ चे चित्रपट त्याचा पुरावा आहेत. ती फसते, कारण निर्माते मूळ कृतीतले सहज मोजता येणारे तेवढे उचलतात : सात माणसे, एक गाव, एक खलनायक, एक अंतिम लढाई. त्या लढाईला वजन देणारा प्रश्न मोजता येत नाही, म्हणून तो मागे राहतो. त्या जागी व्यक्तिगत सूड बसवणे सर्वांत सोपे. कोणत्याही देशात, कोणत्याही काळात तो चालतो.

११/ आपण इतिहासप्रेमींनी याची चिंता का करावी? कारण हाच व्यवहार आपण इतिहासाशीही करतो. लढाईचे वर्णन आपल्याला तोंडपाठ असते. त्या वर्षी सारा किती होता, धान्य कुठून आले, सैन्यात कोण आणि का भरती झाले, हे कोणी विचारत नाही. मग मोहिमेचा सूड होतो आणि राजकारणाचे वैर. असा इतिहास ऐकताना रक्त सळसळते खरे, पण हाती काही लागत नाही.

१२/ पुढच्या वेळी कोणी रोमहर्षक लढाई सांगू लागले, पडद्यावर असो वा व्यासपीठावर, तर एवढेच विचारा : या लढाईत शेतकरी कुठे आहे? उत्तर मिळाले नाही, तर समजा की तुम्ही इतिहास ऐकत नाही, त्याची फसलेली नवी आवृत्ती पाहत आहात. (समाप्त)